मोटारीची कारहुणवी

धुळाप्पा ड्रायव्हरला कुणी विचारलं की बाबा, हा क्लच म्हणजे काय, तर तो आधी उलटा सवाल करायचा, "तुमच्या घरी बैलं हायत का शेरडं?" बैल असले तर एक उत्तर, शेरडं असली तर दुसरं. काहीच नसलं, म्हणजे गिऱ्हाईक पेठेतलं असलं, तर तो टोपी मागं सरकवून जरा विचार करायचा आणि त्या माणसाच्या बायकोवरून समजावून सांगायचा. म्हणून पेठेतले लोक एकटे असतानाच विचारायचे.

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या सालची ही गोष्ट. अक्कलकोट नाक्यावर तेव्हा मोटारस्टँड होता, म्हणजे एक लिंबाचं झाड होतं आणि त्याच्या सावलीत मोटारी उभ्या राहायच्या. समोर शिंप्याचा ओटा, त्यावर माझी बैठक. शिंपी कापड फाडायचा आणि आम्ही बाकीचे गावाची अब्रू. तिथून मी जे पाहिलं ते पाहिलं, आणि जे दिसलं नाही ते केराबाईकडून ऐकलं. केराबाई गुरुबसप्पांच्या घरी भांडी घासायची. तिच्या हाताखालून न गेलेलं भांडं आणि न गेलेली बातमी त्या आळीत नव्हती. चिमूटभर तंबाखूवर ती वाटेल ते सांगायची. त्यातलं निम्मं खरं असायचं. निम्मं कुठलं हे ओळखायला मला वर्षं लागली.

धुळाप्पा माळशिरसकडचा, धनगराचा. मेंढरं राखता राखता जर्मनच्या पहिल्या लढाईत भरती झाला आणि समुद्रापार, इराकात बसऱ्याला खेचरं हाकायला गेला. तिथं खेचरं मेली, तेव्हा साहेबानं त्याला लॉऱ्या पुसायला लावलं. परत आला तो मोटार शिकून. बापानं पुन्हा कळपात घेतलं नाही, असं तो सांगायचा. त्याची बायको मायाक्का सांगायची की यानंच मेंढरांचा वास येतो म्हणून नाक धरलं. दोन्ही खरं असेल.

त्याची मोटार, म्हणजे गुरुबसप्पांची. गुरुबसप्पा अडते, मूळचे दुधनीकडचे, घर नाक्याजवळ. कुणी गोरा साहेब विलायतेला जाताना टाकून गेलेली ती गाडी. चार घरच्या चार सुना एका चुलीवर नांदवाव्यात तसे चार मोटारींचे भाग एकत्र घालून धुळाप्पानं ती उभी केली होती. वर कापडी टप, पुढे हँडल. हँडल मारलं की ती आधी खोकायची, मग शिंकायची, मग एकदम रुसल्यासारखी गप्प व्हायची, आणि धुळाप्पानं बॉनेटवर हात ठेवून काहीतरी पुटपुटलं की सुरू व्हायची. सोलापूर, कुंभारी, वळसंग, अक्कलकोट, मैंदर्गी अशी तिची सर्व्हिस होती. या गाडीशिवाय धुळाप्पाला जगात काही नव्हतं. मायाक्का होती, पण ती स्वतःच म्हणायची की मी दुसरी, पहिली ती स्टँडवर उभी हाय.

लोकांना तेव्हा मोटारीत बसायची जेवढी हौस, तेवढीच तिच्या पोटातले शब्द तोंडात खेळवायची. नवा शब्द कळला की माणूस तो घरी जाऊन बायकोवर चालवायचा. आणि शब्द द्यायला धुळाप्पा बसलेलाच. क्लच म्हणजे जू उचलणं. बैल चालतोय पण गाडी जागेवर. गिअर म्हणजे चढाला बैल पावलं बारीक टाकतो ते. मॅग्नेटो म्हणजे गारगोटी आणि पोलादाची ठिणगी. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोलात वारा कालवायचं घमेलं. वारा जास्त झाला तर उपाशी, पेट्रोल जास्त झालं तर अजीर्ण. रेडिएटर म्हणजे मेंढीची धाप. धापलेल्या मेंढीला लगेच पाणी दावायचं नाही, आधी सावली. सायलेन्सर काय, असं आमच्या शिंप्यानं विचारलं, तर धुळाप्पानं शांतपणे सांगितलं, "तुमची आई घरात असली की वैनी जशा बोलत्यात, ते." शिंप्यानं त्या दिवसापासून मोटारीचं नाव काढलं नाही.

आम्ही हसायचो, पण शब्द डोक्यात बसायचा. आणि तो डोक्यात असा पक्का बसायचा की पुढे मोटार विसरून जायची आणि बैलच राहायचा. हे धुळाप्पाच्या ध्यानात कधी आलं नाही.

आता दानम्मा. गुरुबसप्पांची बायको. माहेर मैंदर्गीचं, बापाचा तेलघाणा. लग्नात बापानं आंदण म्हणून बैलजोडी दिली होती, पांढरी, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. बाईला मूलबाळ नव्हतं. त्या जोडीला ती स्वतःच्या हातानं कडबा घालायची आणि कानडीत गुजगोष्टी करायची. मोटार घ्यायची ठरली तेव्हा गुरुबसप्पांनी सगळ्यात आधी ती जोडी विकली. बाईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, हा भाग वेगळा. नंतर ती गोठ्यात मोकळ्या दाव्यांकडे बघत बसायची, असं केराबाई सांगते.

त्याच रिकाम्या गोठ्यात मोटार बांधली. म्हणजे ठेवली; पण दानम्मा बांधली असंच म्हणायची. पहिले काही दिवस तिनं मोटारीकडं पाठ केली. मग एकदा धुळाप्पा गाडी पुसत असताना उंबऱ्यातून विचारलं, हे काय, ते काय. घर बैलांचं, म्हणून धुळाप्पानं सगळं बैलांवरून सांगितलं. हे नाक, ही धाप, हे खूर. आणि इंजिनावरची पितळी टोपी काढून दाखवली, "ह्ये तोंड, अक्का. हितनं ती तेल पिती. तेल असंल तर हाडावर हाड घासत न्हाय." बाईच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. तेव्हापासून ती त्याला तम्मा म्हणायला लागली. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. भाऊबीजेला तिनं त्याच्यासाठी सोप्यात पाट मांडला आणि ओवाळलं. धनगराच्या पोराला त्या आळीत ओट्याच्या वर कुणी बोलावलं नव्हतं. धुळाप्पा त्या दिवशी स्टँडवर आला तो कपाळावरचं कुंकू न पुसता, आणि आम्ही चिडवलं तरी चिडला नाही. तिथंच तो फसला, असं माझं मत आहे. माणसाला शिव्यांची सवय असली की तो सांभाळून असतो. मायेची सवय नसली की कुठंही पाय घालतो.

आमच्याकडं ज्येष्ठी पुनवेला कारहुणवी असते. बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, आणि बांबूच्या नळकांड्यानं त्यांना तेल-हळद पाजायची, म्हणजे वर्षभर अंगात बळ राहतं. गुरुबसप्पा सुधारलेले. त्यांनी बायकोला आधीच बजावलं होतं की मोटारीला शिंगं नसतात, माझं हसं करू नकोस. आणि ते कामासाठी दुधनीला गेले.

धुळाप्पानं त्याच दिवशी मोटारीचं जुनं तेल उतरवायला काढलं होतं. हे एक काम असतं: जुनं तेल काळं पडतं, तेव्हा खालचा नट सोडून ते सगळं सांडून द्यायचं आणि डब्यातलं नवं घालायचं. जुनं उतरलं होतं, नट परत आवळला होता, नव्या तेलाचा सीलबंद डबा चाकाशेजारी ठेवला होता. मोटारीचं पोट रिकामं होतं. तेवढ्यात दानम्मा आली. हातात ताट, ताटात हळद, आणि मागं केराबाई, तिच्या हातात तेलाची चरवी. मैंदर्गीहून बापानं खास पाठवलेलं करडईचं तेल, घाण्यावरून नुकतं उतरलेलं.

केराबाई हे सांगताना दर वेळी हात पुसते. धुळाप्पा उठून उभा राहिला, म्हणाली. बाईनं बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकलं, टायरला पाणी घातलं, आणि चिमूटभर हळद घेऊन त्या पितळी टोपीकडं वळली.

"हळद पोटात नगं, अक्का," तो घाईनं म्हणाला. "हळद वरनं लावा."

"बैलाला देतो की."

"तिला सोसत न्हाय."

बाईनं ऐकलं. हळद बॉनेटवर लावली. मग चरवी पुढं केली आणि म्हणाली, "तम्मा, माझी जोडी असती तर हे त्यांना पाजलं असतं. आता मला हीच आहे."

धुळाप्पाचा सगळा नकार हळदीवर खर्च झाला होता. त्यानं पितळी टोपी काढली आणि चरवी आत ओतली.

त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. बसऱ्याला तो हेच शिकला होता की मोटारीला मोटारीचंच तेल. त्यानं मनात हिशेब केला की एक खेप जाऊ द्यावी आणि उद्या हे उतरवून डब्यातलं घालावं. डबा त्यानं मागच्या सीटखाली गोणपाटात गुंडाळून ठेवला, बाईच्या नजरेला पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मैंदर्गीचा बाजार. गाडी माणसांनी फुटायला आलेली. आणि मोटार अशी चालली की विचारू नका. खोकला नाही, शिंक नाही, नुसती लोण्यावरून गेल्यासारखी. दानम्मा पहाटे दारात उभी राहून आवाज ऐकायची आणि म्हणायची, बघ, माझ्या बापाच्या तेलाचा गुण. तिच्या अंगणात ते तेल उतरवायचं म्हणजे तिच्या डोळ्यांदेखत मातीत सांडायचं. सणाचं तेल सांडणं किती वाईट, हे धनगरालाही कळतं. स्टँडवर उतरवावं, तर तिथं आम्ही. आमच्यातल्या कुणी ना कुणी ते संध्याकाळच्या आत तिच्या कानी घातलं असतं. खोटं कशाला बोलू, मीच घातलं असतं. मग तो म्हणायचा, उद्या. हा उद्या त्यानं कुणाजवळ बोलून दाखवला नाही; मायाक्काजवळ मात्र एकदा तोंड उघडलं, आणि तिनं सांगितलं की आजच्या आज उतरव. त्यानं हूं म्हटलं.

मग वास सुटला. गाडी तापली की मागं भज्यांचा वास. कुंभारीची पोरं गाडीमागं पळायची. वळसंगला एक म्हातारी हातात पितळी घेऊन उभी राहिली आणि दोन कांद्याची मागायला लागली. गाडीत हास्याचा गदारोळ. लोक विचारायचे, धुळाप्पा, हे काय नवीन? बैलावरून सांग, नाही तर बायकोवरून सांग. धुळाप्पा पुढं बघून गाडी हाकायचा. प्रत्येक शब्दाला ज्याच्याजवळ उपमा, त्यानं या वासाला काही दिली नाही. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. पण आम्ही भज्यांवर विनोद करण्यात गुंतलो होतो, आणि विनोद चांगले होते.

करडईचं तेल फोडणीला गोड. पण ते सारखं तापत राहिलं की चिकट होतं आणि सुकून लाखेसारखं बसतं. कढईच्या बाहेरून जो तांबूस थर चढतो, राखेनं घासला तरी निघत नाही, तो कुठल्याही बाईला विचारा. मोटारीच्या पोटात तो थर चढत होता.

वळसंग सोडून अक्कलकोटकडं जाताना एक चढ आहे. तिथं भर दुपारी आतून ठोका ऐकू आला. बाहेरून कुणी दार वाजवावं तसा. धुळाप्पानं गाडी बाजूला घेतली, खाली उतरला, बॉनेटवर हात ठेवला. तापलेली. म्हणाला, दम खाऊ द्या तिला. लोकांना अक्कलकोटला वेळेवर पोचायचं होतं, ओरडायला लागले. त्यानं पुन्हा हँडल मारलं. गाडी चढाच्या अर्ध्यावर गेली, आणि इंजिनाच्या पोटातला लोखंडी दांडा पोट फोडून बाहेर आला. मोठा आवाज झाला, मग काहीच नाही. तेल रस्त्यावर सांडलं. जे सांडू नये म्हणून त्यानं एवढं केलं, ते शेवटी असं सांडलं.

मोटार बैलजोडी लावून सोलापूरला ओढत आणली. केराबाई म्हणते, ती जोडी दानम्माचीच, विकलेली. केराबाईचं हे त्या निम्म्यातलं असावं. पण दानम्मा दारात आली आणि मोटारीऐवजी बैलांकडं बघत राहिली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गुरुबसप्पांनी बाबालाल मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खालचं झाकण उघडलं, बोटानं तांबडा चिकटा खरवडला, नाकाला लावला. "ये तो खाने का तेल है जी. वारनीस हो गया. अब इसमें जान नहीं." मग त्यानं सीट उचलली आणि गोणपाटातला सीलबंद डबा बाहेर काढून ओट्यावर ठेवला.

अंगणात अर्धी आळी जमली होती. गुरुबसप्पांनी डब्याकडं पाहिलं, धुळाप्पाकडं पाहिलं. ते ओरडले नाहीत. विचारलं, "हे तेल कुणी घातलं?"

दानम्मा दाराआड होती. केराबाई तिच्या मागं. धुळाप्पानं दाराकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर लोकांनीही बघितलं असतं. म्हणाला, "म्या घातलं."

"आणि हा डबा विकायला ठेवलास."

धुळाप्पानं मोटारीचं हँडल त्या डब्याशेजारी ठेवलं. गुरुबसप्पांनी त्याला हाताला धरून फाटकाबाहेर नेलं आणि फाटक लावलं. संध्याकाळच्या मिलच्या भोंग्याच्या आत सगळ्या नाक्यावर झालं की धुळाप्पानं मालकाचं तेल चोरून मोटारीत भज्यांचं तेल घातलं. दुसऱ्या कुठल्या मोटारवाल्यानं त्याला सीटवर बसू दिलं नाही. सहा महिन्यांपूर्वी जे क्लच विचारायला यायचे ते आता त्याला बघून कढईची आणि झाऱ्याची खूण करायचे. आमच्या ओट्यावरही ती खूण चालायची. चरवीची गोष्ट केराबाईनं, काम सुटेल या भीतीनं, माझ्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती.

मला वाटलं होतं, दानम्मा बोलेल. नवऱ्यापुढं नाही, पण एकटी असताना त्याला तरी. बोलली. तो आपली घोंगडी आणि नट आवळायचे पाने न्यायला मागच्या दारी आला, तेव्हा ती बाहेर आली. डोळे सुजलेले. केराबाईनं हे मला तंबाखू न मागता सांगितलं.

"तम्मा," ती म्हणाली, "माझ्या तेलात तू काय मिसळलंस रे?"

धुळाप्पानं घोंगडी उचलली.

"माझं तेल शुद्ध होतं. बाजारचं कसलं घाण तेल वर ओतलंस? मी तुला भाऊ म्हटलं."

बाईच्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं. बापाच्या घाण्याचं तेल, कारहुणवीचं तेल, त्यानं कुणी मरतं का? सगळ्या सोलापूरला मोटार समजावणारा माणूस समोर उभा होता, आणि समजवायला एकच शब्द पुरे होता. कढई. बाहेरून चढतो तो थर, अक्का. एवढं म्हटलं असतं तर रोज कढई बघणाऱ्या त्या बाईला तिथल्या तिथं कळलं असतं. आणि मग बैलजोडी गेलेल्या, मूल नसलेल्या त्या घरात ती उरलेलं आयुष्य कढई घासत बसली असती.

"चुकलं, अक्का," तो म्हणाला आणि घोंगडी खांद्यावर टाकून गेला.

मायाक्काला खरं ठाऊक होतं. तिनं त्याला सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, नळावर तिला चोराची बायको म्हणतात हे रडून सांगितलं. म्हणाली, तू बोलत न्हाईस तर म्या बोलते. त्यानं तिला धनगरांच्या देवीची, बानूबाईची शपथ घातली. ती शपथ तिनं पाळली, पण त्याच्याजवळ राहून पाळणं तिला जमलं नाही. ती माळशिरसकडं भावाच्या मेंढरांत निघून गेली आणि परत आली नाही. जाताना स्टँडवर आमच्या ओट्यापुढं क्षणभर थांबली. मला वाटलं काहीतरी बोलते. तोंडाला पदर लावून दुसऱ्याच्या मोटारीत बसली.

धुळाप्पा राहिला. मोटारीला सोडून कुठं जाणार? ती गुरुबसप्पांच्या परसात उकिरड्याशेजारी उभी होती, टपावर कोंबड्या. तो लिंबाखाली पत्र्याचं डबडं घेऊन बसायचा आणि दुसऱ्यांच्या रेडिएटरात पाणी घालायचा. नव्या ड्रायव्हरांना तापलेल्या गाडीत पाणी ओतायची घाई. तो डबडं मागं घ्यायचा, पण मेंढीची धाप वगैरे काही सांगायचा नाही. कुणी मुद्दाम खोड काढून विचारलंच, धुळाप्पा, जाम होणं म्हणजे काय रे, तर डबडं भरायला निघून जायचा.

पुढच्या साली गावावर मार्शल लॉ आला. लोकांना भजी विसरायला दुसरं काही मिळालं. त्यातच कारहुणवी आली. परसाच्या कुंपणाला एक खिंड होती, तिथं धुळाप्पा उभा असलेला मला ओट्यावरून दिसला, म्हणून मी पान खायच्या निमित्तानं जवळ गेलो. आत दानम्मा होती. हातात ताट. तिनं मोटारीवरची कोंबडी हाकलली, बॉनेट पुसलं, हळद लावली. पितळी टोपी घट्ट चिकटली होती, तिला फिरेना. तिनं मागं वळून धुळाप्पाकडं बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा.

धुळाप्पा खिंडीतून आत गेला आणि टोपी काढून दिली.

"या वेळी मी स्वतः ओतते," ती म्हणाली. "यात कुणी काही मिसळायचं नाही."

"व्हय, अक्का."

तिनं चरवी तिरपी केली. फुटलेल्या पोटातून तेल तसंच खाली उकिरड्यावर गळत होतं. ते तिला वरून दिसत नव्हतं. धुळाप्पाला दिसत होतं. त्यानं एक पाय जरा पुढं सरकवला आणि चरवी रिकामी होईपर्यंत त्या ओल्या जागेवर उभा राहिला.